शेती शिकविणारा शिक्षक घडवावा लागतो : अनुदान कोठे खर्च व्हावे?

(शेतकरी-पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आज मी खत, बियाणे किंवा कीड-रोगांवर बोलणार नाही. आपल्या मुला-मुलींना शाळेत शेती हा विषय जो शिकवितो, त्या शिक्षकाबद्दल आणि त्याच्या प्रशिक्षणासाठी मिळणाऱ्या अनुदानाबद्दल मी बोलणार आहे. आपल्यापैकी काहींना वाटेल, याचा शेतकऱ्याशी काय संबंध? शिक्षकांचे शिक्षण खाते पाहून घेईल. परंतु संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे. नववीत गेलेला तुमचा मुलगा किंवा मुलगी शेती विषय घेते, तेव्हा पुढील चार वर्षे त्या मुलांच्या हाताला जे वळण लागते तेच पुढे तुमच्या बांधावर येते. ते वळण लावणारा माणूस स्वतः तयार झालेला आहे की नाही, हे विचारण्याचा पहिला अधिकार तुमचा आहे.

शाळेला व्यावसायिक अभ्यासक्रम मंजूर झाला, अनुदान आले, की गावात पहिली चर्चा खोलीची होते. मग फलक, टेबल-खुर्च्या, अवजारे, संगणक. हे सर्व लागतेच, त्याला माझा विरोध नाही. पण शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा विचार सर्वांत शेवटी होतो, आणि मार्चअखेर जवळ आला की एखाद्या सभागृहात एक-दोन दिवसांचे शिबिर उरकले जाते. खरिपाचा विषय मार्चमध्ये, खुर्चीवर बसून! अशा प्रशिक्षणातून शिक्षकाच्या हाती प्रमाणपत्र येते, कौशल्य येत नाही.

एक साधे उदाहरण

सोयाबीनची उगवण क्षमता तपासणे हे काम घ्या. पाठ्यपुस्तकात ते चार ओळींत आटोपते. ज्या शिक्षकाने ते स्वतः केलेले नाही, तो त्या चार ओळी फळ्यावर लिहून देतो. मुले त्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात.

ज्या शिक्षकाने प्रशिक्षणात हे काम हाताने केले आहे, तो काय करतो? तो मुलांना घरच्या पोत्यातले बियाणे आणायला सांगतो. वरून, मधून आणि तळातून बियाणे काढून नमुना तयार करतो. ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा असे शंभर दाणे मांडतो, वरून दुसरे ओले गोणपाट झाकून गुंडाळी करतो आणि सावलीत ठेवतो. असे तीन नमुने. रोज पाणी शिंपडण्याची पाळी मुलांकडे. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे आणि तिन्ही नमुन्यांची सरासरी काढायची. ७० टक्के उगवण आली तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. ६० टक्केच आली तर ३० ला ७० ने गुणून ६० ने भागायचे, म्हणजे एकरी ३५ किलो लागते. त्याहून कमी आली तर ते बियाणे पेरणीला वापरूच नये.

बंधूंनो, या एका धड्यात शेती आहे, गणित आहे आणि घरातल्या बियाण्याचा हिशेबही आहे. जून महिन्यात दुबार पेरणीचे संकट काय असते हे तुम्हांला मी सांगायला नको. पावसाने दगा दिला तर आपला इलाज नाही. पण बियाणेच कमी उगवणारे होते आणि ते आधी कोणी तपासले नाही, तर तो तोटा टाळता येण्यासारखा होता. तो टाळण्याची सवय शाळेतून घरी येऊ शकते. मात्र त्यासाठी शिक्षकाने ते गोणपाट आधी स्वतः उलगडलेले असले पाहिजे.

१९१७ चा एक कायदा

अनुदान कसे बांधून द्यावे याचा एक जुना व अभ्यासण्याजोगा दाखला अमेरिकेत आहे. तिकडचा दाखला देण्याचे कारण असे की, आपल्या कृषी विद्यापीठांची घडण त्याच देशातील पद्धतीवरून घेतलेली आहे. १८६२ साली तेथे मॉरिल कायदा झाला आणि शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये चालावीत म्हणून राज्यांना सरकारी जमिनी देण्यात आल्या. त्याच धर्तीवर १९६० साली पंतनगर येथे आपले पहिले कृषी विद्यापीठ उभे राहिले. महाराष्ट्रात १९६८ साली राहुरी, १९६९ साली अकोला आणि १९७२ साली परभणी व दापोली येथे विद्यापीठे झाली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तीन कामे एका छताखाली आणण्याची कल्पना तिथलीच.

परंतु महाविद्यालये झाली तरी शाळेतल्या मुलाला शेती कोण शिकविणार, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. त्यासाठी २३ फेब्रुवारी १९१७ रोजी तेथे स्मिथ-ह्यूज कायदा मंजूर झाला. जॉर्जिया राज्यातील दोन लोकप्रतिनिधींच्या नावांवरून तो ओळखला जातो. चौदा वर्षांवरील मुलांना शेती, उद्योग आणि गृहविज्ञान यांचे व्यावसायिक शिक्षण मिळावे, हा त्याचा हेतू. या कायद्यातील अनुदानाच्या अटी आजही लक्षपूर्वक वाचाव्यात अशा आहेत.

पहिली अट : अनुदानातील पैसा इमारत बांधणे किंवा दुरुस्त करणे, साहित्य घेणे, जमीन विकत अथवा भाड्याने घेणे यांसाठी वापरता येणार नाही. ती व्यवस्था राज्याने किंवा स्थानिक लोकांनी करायची. केंद्राचा पैसा फक्त माणसावर, म्हणजे शिक्षकाच्या पगारावर आणि शिक्षकाच्या प्रशिक्षणावर खर्च व्हायचा.

दुसरी अट : केंद्राच्या प्रत्येक डॉलरमागे राज्याने किंवा स्थानिक संस्थेने आपला एक डॉलर घालायचा. त्यामुळे गावालाही आपला पैसा कोठे जातो याची चौकशी करावीशी वाटे.

तिसरी अट : शिक्षक-प्रशिक्षणाचा किमान वाटा जे राज्य वापरणार नाही, त्याला १९२० सालच्या जूननंतर शिक्षकांच्या पगाराचे अनुदानही मिळणार नाही. म्हणजे प्रशिक्षण टाळून नुसते पगार घेता येणार नाहीत. शिवाय प्रशिक्षणाच्या रकमेपैकी शेती, उद्योग व गृहविज्ञान यांपैकी कोणत्याही एकाला २० टक्क्यांपेक्षा कमी आणि ६० टक्क्यांपेक्षा जास्त देता येणार नव्हते.

चौथी अट सर्वांत महत्त्वाची. ज्या व्यक्तीला त्या व्यवसायाचा पुरेसा अनुभव आहे, किंवा जी प्रशिक्षण घेता घेता तो अनुभव मिळवीत आहे, तिलाच या पैशातून शिक्षक म्हणून प्रशिक्षण द्यायचे. शेतीशी ज्याचा कधी संबंध आला नाही, त्याला नुसते पुस्तक देऊन शेतीशिक्षक करता येणार नाही.

शेतीच्या बाबतीत आणखी एक बंधन होते. विद्यार्थ्याने वर्षातून किमान सहा महिने शाळेच्या किंवा दुसऱ्या शेतावर देखरेखीखाली प्रत्यक्ष काम केले पाहिजे. ही देखरेख शिक्षकाने करायची, म्हणजे त्याला मुलांच्या शेतावर जाणे भागच होते.

रकमेकडेही पाहू. पहिल्या वर्षी शेतीशिक्षकांच्या पगारासाठी ५ लाख डॉलर होते, आणि तिन्ही शाखांच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीही ५ लाख डॉलर होते. पुढे प्रशिक्षणाची रक्कम वाढत जाऊन वर्षाला १० लाख डॉलर झाली. यातला विचार सरळ आहे. वर्ग वाढवायचे असतील तर आधी शिकविणारी माणसे तयार केली पाहिजेत. आपणही लागवडीचे क्षेत्र वाढविण्यापूर्वी रोपवाटिकेची तयारी करतो, तसेच हे.

या कायद्यात दोष नव्हते असे नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात त्या काळी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या असत, आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांना या निधीचा वाटा फार कमी मिळाला. पैसा राज्याच्या हाती दिला म्हणजे तो सर्वांना समान पोहोचतो, असे समजू नये. आपल्याकडेही आश्रमशाळेतील शिक्षकाला आणि मुलींना शेती शिकविणाऱ्या शिक्षिकेला प्रशिक्षणाची संधी मिळाली की नाही, हे वेगळे विचारावे लागेल.

एक दिवसाचे शिबिर पुरेसे नाही

तोच धागा पुढे चालत राहिला. १९८४ साली तेथे कार्ल पर्किन्स या लोकप्रतिनिधीच्या नावाने व्यावसायिक शिक्षणाचा नवा कायदा झाला. त्यात वेळोवेळी सुधारणा होऊन ३१ जुलै २०१८ रोजी त्याचे पाचवे रूप मंजूर झाले. यातील दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत.

एक म्हणजे, अनुदान घेणाऱ्या स्थानिक संस्थेने किमान दोन वर्षांतून एकदा आपल्या गरजांची पाहणी करायची. कोणते व्यवसाय परिसरात आहेत, शिक्षक किती आहेत, ते टिकतात का, त्यांना कोणते प्रशिक्षण हवे, हे सर्व त्यात पाहायचे आणि पालक व व्यावसायिकांशी बोलूनच ते ठरवायचे. आधी पाहणी, मग खर्च. मातीपरीक्षण करून खताची मात्रा ठरवावी, त्याच पद्धतीचे हे आहे.

दुसरे म्हणजे, शिक्षकाचे व्यावसायिक प्रशिक्षण कशाला म्हणायचे याची व्याख्याच कायद्यात दिली आहे. ते सलग व सखोल असावे, शिक्षकांनी एकमेकांच्या सहकार्याने घ्यावे, आणि प्रत्यक्ष कामाशी व वर्गाशी जोडलेले असावे. सुटे, एक दिवसाचे किंवा अल्पमुदतीचे शिबिर त्या व्याख्येत बसत नाही. यावरून आपण आपल्याकडील शिबिरांचे मोजमाप करावे.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे विचार झाला नाही असे मुळीच नाही. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शिक्षणाला कामाची जोड द्यावी आणि माध्यमिक स्तरावर व्यावसायिक शिक्षण वाढवावे, असे सुचविले होते. १९७४ साली पुदुच्चेरी येथे पहिले कृषी विज्ञान केंद्र सुरू झाले. शिकणाऱ्याने करून शिकावे आणि शिकविणाऱ्याने करून शिकवावे, हेच त्याचे तत्त्व. या केंद्रांतील प्रशिक्षकांना शिकविण्यासाठी पुढे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रशिक्षकांची प्रशिक्षण केंद्रेही काढली. १९८८ साली उच्च माध्यमिक स्तरावरील व्यावसायिक शिक्षणाची केंद्रपुरस्कृत योजना आली, आणि १९९३ साली अशा शिक्षणाच्या अभ्यासासाठी व शिक्षक-प्रशिक्षणासाठी भोपाळ येथे राष्ट्रीय पातळीवरील संस्था स्थापन झाली.

२०१८-१९ पासून समग्र शिक्षा योजनेखाली शाळांना व्यावसायिक शिक्षणासाठी अनुदान मिळते. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यात केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के असतो. व्यावसायिक शिक्षकांचे प्रशिक्षण हाही त्यातील एक भाग आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या तरी विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची ओळख व्हावी, असे उद्दिष्ट ठेवले होते. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना गावातील सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जाऊन शिकावे, असेही त्यात म्हटले आहे.

आणि आपल्या राज्यातलेच एक काम सांगतो. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे शेती व पशुपालन, ऊर्जा व पर्यावरण, यंत्रशाळेचे काम आणि गृह व आरोग्य अशा चार विभागांत मुले हाताने काम करून शिकतात. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आखलेला हा अभ्यासक्रम पुढे ग्रामीण भागातील अनेक शाळांत गेला. चांगली दिशा आपल्याकडेही आहे. कमी पडते ते तिच्यावर सातत्याने पैसा आणि वेळ देणे.

अनुदान कसे वापरावे?

आता प्रत्यक्ष सूचनांकडे येतो. शाळेला किंवा शिक्षक-प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला अनुदान मिळाले तर माझ्या मते ते पुढीलप्रमाणे वापरावे.

१) प्रशिक्षण हंगामाप्रमाणे घ्यावे. एकदम दहा दिवस घेण्याऐवजी ते चार टप्प्यांत विभागावे. मे महिन्यात मातीचा नमुना घेणे आणि बियाण्याची उगवण तपासणे. जून-जुलैत बीजप्रक्रिया, पेरणी आणि खताची मात्रा. ऑगस्टमध्ये कीड-रोगांचे सर्वेक्षण आणि फवारणी पंपाची तपासणी. ऑक्टोबरमध्ये काढणी, उत्पादनाचा अंदाज आणि रब्बीची तयारी. त्या त्या वेळी ते काम शेतात चालू असते, म्हणून ते शिकता येते.

२) दोन टप्प्यांच्या मधल्या काळात शिक्षकाने शिकलेले काम आपल्या शाळेत मुलांकडून करून घ्यावे आणि प्रशिक्षकाने तेथे जाऊन ते पाहावे. या भेटींच्या प्रवासखर्चाची तरतूद अनुदानातच करावी. भेटीवाचून प्रशिक्षण म्हणजे पेरून शेताकडे न फिरकण्यासारखे आहे.

३) शिक्षक प्रशिक्षणाला गेला की वर्ग बंद पडतो, म्हणून मुख्याध्यापक त्याला सोडत नाहीत. त्या दिवसांसाठी बदली शिक्षकाचे मानधन धरावे. रक्कम लहान असली तरी तिच्यावाचून शिक्षक येऊ शकत नाही.

४) बियाणे, गोणपाट, जिवाणू खते, मातीपरीक्षणाची फी अशा वापरून संपणाऱ्या वस्तूंसाठी दरवर्षी थोडी रक्कम ठेवावी. अवजारे एकदा घेतली जातात. या वस्तू दरवर्षी लागतात. त्या नसल्या की प्रात्यक्षिक पुन्हा फळ्यावर जाते.

५) प्रशिक्षकांमध्ये अनुभवी शेतकरी असावेत आणि त्यांना मानधन मिळावे. द्राक्षाची छाटणी, कांद्याचे रोप किंवा ठिबक संचाची गाळणी साफ करणे या गोष्टी वर्षानुवर्षे करणारा माणूस अधिक चांगल्या शिकवू शकतो. कारण सांगण्याचे काम विद्यापीठाच्या माणसाने करावे, हात दाखविण्याचे काम शेतकऱ्याने.

६) शेवटी मोजमाप. उपयोगिता प्रमाणपत्रात पैसा खर्च झाला एवढेच कळते. त्याच्या जोडीला शिक्षकाला कोणती दहा कामे स्वतः करता येतात आणि त्याच्या मुलांना त्यांपैकी किती येतात, याची यादी ठेवावी. ही यादी शाळेच्या फलकावर लावावी, म्हणजे पालकांनाही ती पाहता येईल.

पालक-शेतकऱ्यांनी काय करावे?

बंधू-भगिनींनो, अनुदानाचे निर्णय वर होतात हे खरे, पण गावाच्या हाती काहीच नाही असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतच्या शासकीय व अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. मोठ्या वर्गांच्या शाळेतही पालक सभा होते. तेथे शांतपणे चार प्रश्न विचारा. व्यावसायिक शिक्षणासाठी यंदा किती रक्कम आली? त्यातील किती शिक्षकाच्या प्रशिक्षणाला ठेवली? ते प्रशिक्षण कोणत्या महिन्यात आणि कोठे झाले? त्यानंतर वर्गात काय बदलले? हे प्रश्न शिक्षकाला कोंडीत पकडण्यासाठी विचारू नका. बऱ्याच वेळा शिक्षकालाही शिकायचे असते, पण त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. तुम्ही विचारलेत तर त्याची मागणी पुढे जाईल.

भगिनींना माझे विशेष सांगणे आहे. बियाणे निवडणे, साठविणे, निंदणी, भाजीपाला, दुभती जनावरे ही घरची बरीचशी शेती तुमच्याच हातून होते. समितीत जागा मिळाली आहे, तर सही करून उठू नका. शाळेत शेती शिकविताना या कामांना स्थान आहे का, ते विचारा.

दुसरे म्हणजे, आपल्या शेताचा एक कोपरा शिक्षकाला द्या. दोन गुंठेही पुरतात. जमीन तुमची, पीक तुमचे. शिक्षक आणि मुले तेथे येऊन नोंदी घेतील, एका ओळीत बीजप्रक्रिया केलेले आणि दुसऱ्या ओळीत न केलेले बियाणे पेरून फरक पाहतील. याला अनुदान लागत नाही. शाळेजवळ जमीन नाही ही सबबही त्यामुळे उरत नाही.

तिसरे, जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी आणि विद्यापीठाच्या विस्तार विभागाशी शाळेची गाठ घालून द्या. तुम्ही शेतकरी म्हणून तेथे जाताच. पुढच्या वेळी शाळेच्या शिक्षकाला बरोबर घेऊन जा.

१९१७ च्या त्या कायद्याने केंद्राचा पैसा भिंतींवर आणि साहित्यावर खर्च करायला मनाई केली आणि तो शिकविणाऱ्या माणसावर लावला. आपल्याला तशीच्या तशी अट घालण्याची गरज नाही, कारण आपल्या अनेक शाळांना खोली आणि साहित्यही हवेच आहे. पण शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा वाटा आधी बाजूला काढावा आणि तो दुसरीकडे वळवू नये, एवढी शिस्त आपण निश्चित पाळू शकतो. येत्या मे महिन्यात आपल्या शाळेच्या व्हरांड्यात मुले गोणपाटावर सोयाबीनचे दाणे मांडताना दिसली पाहिजेत, आणि कोणता कोंब चांगला आणि कोणता वाईट हे त्यांच्या शिक्षकाला खात्रीने सांगता आले पाहिजे. त्यासाठी यंदाच्या पालक सभेला अवश्य जा.